भाग दुसरा, पण सुरुवात इथूनच करावी

टूमेनीडीजेज या जोडीच्या ‘ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, भाग २’ या २००२ सालच्या सीडीचा मी आजवर चार मित्रांना आग्रह केला आहे. त्यांपैकी दोघांनी ती पूर्ण ऐकली, एकाने अर्ध्यावरच परत केली आणि चौथ्याने अनेकदा मागूनही अजून परत केलेली नाही. माझ्या लेखी सर्वांत मोठी पावती या चौथ्याचीच आहे.

आपल्याकडे डीजे म्हटले की विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि छातीत बसणारे दणके आठवतात, त्यामुळे या सीडीबद्दल सांगताना आधी तो गैरसमज दूर करावा लागतो. स्टीफन आणि डेव्हिड देवाले हे बेल्जियममधील गेंट शहरचे दोघे भाऊ मुळात सोलवॅक्स नावाच्या रॉक बँडचे सदस्य आहेत आणि डीजे म्हणून काम करताना टूमेनीडीजेज हे नाव लावतात. गिटारवर पोसलेले हे कान नाचाच्या संगीताकडे वळले, ही बाब येथे महत्त्वाची आहे, कारण रॉक ऐकणारे आणि क्लबमध्ये जाणारे एकमेकांकडे नाक मुरडून पाहत असताना या दोघांनी दोन्हींची गाणी एकाच ताटात वाढली, आणि तीही शेजारी शेजारी नव्हे, तर एकमेकांत कालवून.

सीडीची सुरुवातच पाहावी. हेन्री मॅन्सिनी यांनी १९५८ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचलेली ‘पीटर गन’ ही धून इमर्सन, लेक अँड पामर या बँडने मैफलीत वाजवली होती. ते ध्वनिमुद्रण येथे रणशिंगासारखे वाजू लागते आणि त्यावर बेसमेंट जॅक्स या नाचाचे संगीत करणाऱ्या जोडीच्या २००१ मधील ‘व्हेअर्स युअर हेड ॲट’चा नुसता आवाज, म्हणजे साथसंगत पूर्णपणे काढून टाकलेले गायन, चढवले जाते. मूळ वादकांना ज्या भारदस्तपणाचा अभिमान वाटत असेल, त्याच भारदस्तपणावर कोणीतरी मोठ्याने ओरडत आहे, असा तो प्रकार आहे, आणि तरीही दोन्हींचा ठेका इतका चपखल जुळतो की ही गाणी कधी वेगळी होती हेच खरे वाटेनासे होते.

मात्र मॅशअपचे, म्हणजे दोन वेगळी गाणी एकमेकांवर चढवून केलेल्या जोडगाण्याचे, मर्म समजून घ्यायचे असेल, तर या सीडीवरील ‘नो फन’ आणि ‘पुश इट’ यांची जोडी कानाजवळ धरून ऐकावी. पहिले गाणे मिशिगनच्या स्टूजेस या बँडचे, १९६९ सालचे. दुसरे न्यूयॉर्कच्या साल्ट-एन-पेपा या गायिकांचे, ऐंशीच्या दशकातील. ‘नो फन’मधील गिटार मोजक्याच सुरांवर हट्टाने रेंगाळत राहते, तर ‘पुश इट’मधील आवाज बहुतांशी बोलण्याच्या लयीत आहे. दोन गाणी एकत्र करताना सर्वांत मोठी अडचण पट्टीची असते. तबकडीचा वेग वाढवला की स्वरही चढतो, त्यामुळे लय जुळवावी तर सूर बिनसतो आणि सूर सांभाळावा तर लय सुटते. रॅपला पट्टीचा हा जाच फारसा नसल्याने त्या गायिका गिटारवर निवांत स्वार होतात, आणि गिटारलाही मूळ गाण्यात नसलेला एक ठुमका मिळतो. रायवळ आंब्यावर हापूसचे कलम बांधावे तसे हे काम आहे: खोड एकाचे, फळ दुसऱ्याचे आणि जोड दिसू न देण्यात माळ्याचे कसब.

अमेरिकन गायिका डॉली पार्टनचे ‘नाइन टू फाइव्ह’ हे १९८० सालचे गाणे आणि नॉर्वेच्या रॉयक्सॉप या जोडीची ‘एपल’ ही धून यांची भेट त्याहून अवघड होती, कारण दोन्हींना स्वतःची ठळक चाल आहे. तरीही कचेरीतील कंटाळ्याचे ते गाणे ‘एपल’च्या खुळखुळत्या सुरावटीत मिसळते, तेव्हा तासाभराच्या या सीडीतील सर्वांत प्रसन्न क्षण हाती लागतो. डेस्टिनीज चाइल्ड या अमेरिकन गायिकांच्या आवाजाखाली टेनसीसी या ब्रिटिश बँडचे ‘ड्रेडलॉक हॉलिडे’ सरकवण्याची कल्पनाही खासच आहे. त्या १९७८ सालच्या गाण्यात क्रिकेटचा उल्लेख असल्याने आपल्याकडच्या काही मंडळींना ते ओळखीचे वाटेल.

हे सारे रीतसर परवानग्या घेऊन केले आहे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. ‘ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स’ या मालिकेतील इतर भाग अनधिकृतपणेच फिरत राहिले; परवाने मिळवून दुकानात आला तो हाच. एकूण १८७ गाण्यांसाठी विचारणा झाली, त्यांपैकी ११४ गाण्यांना होकार मिळाला, ६२ गाण्यांना नकार आला आणि ११ गाण्यांच्या मालकांचा पत्ताच लागला नाही. मनात रचलेला क्रम अशा नकारांमुळे किती वेळा मोडावा लागला असेल, याचा विचार केला की या सीडीचा सहज वाटणारा ओघ अधिकच थक्क करतो.

दोष नाहीत असे नाही. त्या एक-दोन वर्षांत युरोपात बहरलेल्या इलेक्ट्रोक्लॅश शैलीची थंड, यांत्रिक सिंथेसायझरची गाणी येथे गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि ती सलग आली की लक्ष उडते. तेव्हा ती अगदी ताजी वाटली असतील, पण आज १९६९ सालचे गिटार त्यांच्यापेक्षा तरुण वाटते. शिवाय पीचेस या गायिकेचे जे गाणे येथे वेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या रॉक बँडच्या संगतीने येते, ते वडीलधाऱ्या मंडळींसमोर लावण्याजोगे नाही. मी एकदा ते दिवाळीच्या फराळाच्या वेळी लावले होते. आत्याबाईंना इंग्रजी कळत नाही, हा माझा समज त्या दिवशी मोडीत निघाला.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. मी जुन्या सीडी विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली पहिली प्रत ओरखड्यांमुळे नेमकी डॉली पार्टनपाशी अडकत असे, म्हणून तबकडी उजेडात तिरपी धरून काढलेले छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याहून मोठी फजिती पुढे झाली. कोल्हापूरला जाताना ऐकता यावी म्हणून मी ती संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. गाडीतील यंत्राने सर्व तुकडे आद्याक्षरांच्या क्रमाने लावून टाकले, शिवाय प्रत्येक तुकड्यानंतर अर्ध्या सेकंदाची शांतता घातली, आणि खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत मागे बसलेल्या मित्राचे ठाम मत झाले की ही नुसती गाण्यांची खिचडी आहे. त्याला दोष देता येत नाही, कारण अशा मिक्समध्ये गाण्यांइतकेच मोल त्यांच्यामधील सांध्यांचे असते आणि मी त्याला सांधे उखडलेली सीडी ऐकवली होती. अर्ध्यावर परत करणारा तो हाच.

तेव्हापासून मी पूर्ण तासाची एकच सलग फाइल करून देतो आणि गाण्यांची यादी सोबत देत नाही. यादी हाती असली की माणूस पुढचे नाव वाचत बसतो आणि ‘पीटर गन’वर तो ओरडा आदळतो तेव्हा दचकायचे विसरतो. यादी मागायला ज्याचा दुसऱ्या दिवशी फोन येतो, त्याला ती लगेच पाठवतो.