ओबीडी स्कॅनर आणि जुन्या इंजिनाचे मिसिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोबाइलमधील ॲपशी ब्लूटूथने जोडला जाणारा एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी आणि चालू आकडे वाचणारे उपकरण) मी गेले काही महिने माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीला लावून वापरत आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, गाडी मिसिंग मारत असे (मध्येच एखादा सिलिंडर पेटत नसे), आणि प्लग बदलून व थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ करूनही ते थांबत नव्हते, म्हणून तो घेतला. त्याविषयी माझे मत एकंदरीत चांगले झाले आहे, मात्र जे कोड, म्हणजे संगणकाने नोंदलेल्या दोषांचे क्रमांक, वाचण्यासाठी तो सहसा विकत घेतला जातो, तोच भाग मला सर्वांत कमी उपयोगी पडला. दोष सापडला तो चालू इंजिनाचे आकडे आणि फ्रीझ फ्रेम यांच्या आधारे.

पहिल्याच वेळी स्कॅनरने पी०३०२ हा कोड दाखवला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा निष्कर्ष गाडीचा संगणक कसा काढतो हे समजून घेतले तर कोडवर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज येतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, एक धक्का मिळतो. तो मिळाला नाही तर शाफ्ट क्षणभर मंदावतो, आणि क्रँक सेन्सरकडून आलेल्या या मंदावण्याच्या वेळेवरून कोणता सिलिंडर चुकला ते ठरवले जाते. धक्का का मिळाला नाही, ठिणगी पडली नाही, इंधन कमी पडले, बाहेरची हवा शिरली की कम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) गेले, हे त्या कोडात कुठेच नसते. फार खराब रस्त्यावर चाकांकडून येणाऱ्या हादऱ्यांनीही शाफ्टची गती कमीजास्त होते आणि काही गाड्यांत मिसफायर नसताना त्याची नोंद होते, त्यामुळे एखाद्याच सुट्या कोडावरून सुटे भाग आणायला धावू नये.

फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी टिपलेली इंजिनाची स्थिती, अधिक बोलकी निघाली. कूलंटचे तापमान कमी, इंजिनावरचा भार नगण्य आणि आरपीएम आयडलिंगचे. दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या, ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलची अदलाबदल केली तरी कोड दुसऱ्यावरच राहिला, म्हणजे दोष कॉइलचा नव्हता. मग फ्युएल ट्रिम पाहिले. ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतानुसार संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते हे आकडे सांगतात. आयडलिंगला दीर्घकालीन ट्रिम अधिक १८ टक्क्यांच्या आसपास होते आणि अडीच हजार आरपीएमवर ते चारपर्यंत उतरत होते. थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मध्ये कुठेतरी बाहेरची हवा ओढली जात असल्याचे हे ठळक लक्षण आहे, कारण आयडलिंगला मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील) निर्वात बराच जास्त असतो आणि एकूण हवा थोडी असल्याने चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढला की तोच वाटा नगण्य होतो. माझ्या गाडीत हवेचे प्रमाण मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे म्हणून हे चित्र इतके स्पष्ट दिसले. फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत ट्रिम इतके सहज बोलत नाहीत.

येथे एक फसवी जागा आहे. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि संगणक इंधन वाढवतो. म्हणजे निव्वळ ठिणगी न पडल्यानेही ट्रिम वर जाऊ शकतात. इंजिन गरम होऊन मिसिंग थांबल्यावरही आयडलिंगचे ट्रिम उंचच राहिले, तेव्हा हवा हेच मूळ कारण असल्याची खात्री पटली. दुसऱ्या सिलिंडरजवळ इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट कडक होऊन चिरले होते. ते बदलल्यावर ट्रिम काही दिवसांत शून्याच्या आसपास आले.

पुढे चढावर जोर दिला की झटके बसू लागले आणि पी०३०३ आला. या वेळी फ्रीझ फ्रेममध्ये भार जास्त आणि इंजिन गरम होते, आयडलिंगचे ट्रिम स्वच्छ होते, आणि तिसऱ्याची कॉइल पहिल्या सिलिंडरला लावताच कोड पी०३०१ झाला. सिलिंडरमधील दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि थकलेली कॉइल नेमकी तेथे कमी पडते. चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र तपासणीचा मोह सोडून लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो.

तक्रारीही आहेत. कॅन या नव्या, वेगवान संपर्क प्रणालीपूर्वीच्या माझ्यासारख्या गाडीत माहिती के-लाइन या जुन्या तारेवरून अगदी संथ येते, त्यामुळे एकाच वेळी खूप आकडे उघडले की आलेख उड्या मारतो, दोनतीनच ठेवावेत. सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी मोड ०६ मध्ये (संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल दाखवणाऱ्या भागात) मिळते असे सांगितले जाते, पण जुन्या प्रणालीत तिचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो आणि माझ्या ॲपने दाखवलेले आकडे मला काहीच उलगडले नाहीत. कम्प्रेशनसाठी गेज लागतेच. कोड पुसण्याचे बटण ॲपमध्ये फारच हाताशी ठेवले आहे आणि ते दाबले की फ्रीझ फ्रेमही जाते, तेव्हा आधी सगळे टिपून घ्यावे. गाडी उभी असताना स्कॅनर सॉकेटमध्येच राहिला तर तो थोडाथोडा करंट घेत राहतो; बरेच दिवस गाडी काढायची नसेल तर मी तो उपसून ठेवतो.

घेण्यापूर्वी आपल्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट आहे का ते डॅशबोर्डखाली पाहून घ्यावे, आणि सॉकेट असले तरी गाडी कोणत्या प्रोटोकॉलवर (संपर्काच्या पद्धतीवर) बोलते याची चौकशी करावी. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल मोटारींत ही व्यवस्था सक्तीची झाली. इतरत्र ती वेगवेगळ्या वर्षी आली. कार्ब्युरेटरच्या गाडीला याचा काहीच उपयोग नाही, तिथे टायमिंग लाइट आणि व्हॅक्यूम गेजच घ्यावे.