फंडरेझर मंडळींची दादरची बैठक: ओळखीपाळखी बेताची, कागदपत्रं अव्वल

छोट्या संस्थांसाठी देणग्या गोळा करणाऱ्यांची ही बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दादर पश्चिमेला भरते. फी अडीचशे रुपये, चहा-वडा धरून. सगळं बोलणं मराठीत, आणि तिथेच निम्मं काम होतं. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाची, दुनिया इंग्रजीत चालते. पालघर-कर्जतकडे उत्तम काम उभं करणारी माणसं तिथे प्रश्न विचारायला कचरतात. इथे विचारतात.

पहिला अर्धा तास परिचयाचा. तो चुकला तरी बिघडत नाही. कंपनीचं कुणी आलंच तर त्यांच्याभोवती गराडा पडतो, कार्डं वाटली जातात, वीस मिनिटांत पाहुणे पसार.

पुढचा दीड तास मात्र वसूल. एका संस्थेचा प्रस्ताव टेबलावर ठेवून बजेटची ओळन् ओळ तपासतात. एक घोटाळा हमखास निघतो: प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांत बसवायचा म्हणून हिशेबनिसाचा पगार आणि जागेचं भाडं संस्थेने स्वतःच कापलेलं असतं. सीएसआर नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्पापुरता पगार आणि भाडं प्रकल्पखर्चात मांडता येतं, फक्त कुणाचे किती दिवस ते लिहावं लागतं. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातली, प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा वेगळी. २०२० च्या दुरुस्तीने ती ५० वरून खाली आली. या दोन आकड्यांची खिचडी झाली की वर्षभर भाडं खिशातून.

एप्रिलची बैठक तर चुकवूच नये. १०बीडी, म्हणजे वर्षभराच्या देणग्यांची माहिती देणारा आयकराचा फॉर्म, ३१ मेपर्यंत भरायचा, तो भरल्यावरच आयकराच्या पोर्टलवरून देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं, करसवलतीसाठी लागणारं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. गाडी अडते ती पॅनवर. पावती फाडताना पॅन घेतलेला नसतो, मग मे महिन्यात फोनाफोनी, आणि देणगीदार सुट्टीत गावाला. यावर इथे मिळणारी एक्सेलची शीट साधी पण नेमकी आहे: पावती क्रमांक, तारीख, नाव, पत्ता, पॅन, रक्कम, देणगीचा प्रकार (कॉर्पस म्हणजे कायम निधी, विशिष्ट अनुदान की इतर) आणि पैसे कसे आले. रोखीच्या रकान्यात २,००० च्या वर आकडा टाकला की तो लाल होतो, कारण त्यावर देणगीदाराला ८०जीची, म्हणजे आयकरातली, वजावट मिळत नाही. हे देणगीदाराला पैसे घेण्याआधी सांगायचं असतं, नंतर सांगितलं की नातं बिघडतं.

कच्चं काय? वर्षाचं वेळापत्रक. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, आणि तिच्यावरचं सत्र डिसेंबरात! धावपटू शोधायचे, त्यांनी आपापल्या ऑफिसात आणि नात्यागोत्यात संस्थेसाठी देणग्या मागायच्या, याला निदान तीन महिने हवेत. दान उत्सव, म्हणजे देशभरचा दानाचा सप्ताह, २ ते ८ ऑक्टोबर. त्याचं सत्र मात्र जुलैत असतं, ते बरोबर. व्हॉट्सॲप ग्रुप म्युटवर टाकावा, शुभ सकाळच जास्त.

स्वतःचा प्रस्ताव तपासून हवा असेल तर आठवडाभर आधी नाव द्यावं लागतं, एका शनिवारी एकच घेतात. छापील पाच प्रती न्या. प्रोजेक्टर आहे, त्याची वायर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरी असते.