ग्वाई हानासचे वॉचमन : घाई असेल तर जाऊच नका

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा ग्वाई बेटांवर गेलात तर दक्षिणेकडचं ग्वाई हानास बघितल्याशिवाय परतू नका. तिथे रस्ता नाही, बोटीने किंवा समुद्रविमानानेच जावं लागतं. आधी माहितीसत्राला बसणं सक्तीचं आहे. कंटाळा करू नका, तिथे समजावून सांगतात ते पुढे पावलोपावली कामी येतं.

हायडा हे या बेटांवरचे मूळ रहिवासी. त्यांच्या इथल्या जुन्या गावांच्या जागी उन्हाळाभर हायडा वॉचमन मुक्कामाला असतात. पाहुण्यांना जागा दाखवणारे तेच आणि राखणारेही तेच. किनाऱ्याला लागण्याआधी बोटीवरून रेडिओवर त्यांची परवानगी घ्यायची. एका वेळी बाराच माणसं उतरू शकतात. आमच्या आधीचा गट आत होता, त्यामुळे आम्ही पाण्यातच थांबलो. मला हे फार पटलं. कुणाच्या घरी जाताना दारात थांबायचंच असतं.

स्केडन्स या जुन्या गावी आम्हाला एका हायडा आजींनी फिरवलं. वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या शिंपल्या मांडलेल्या, त्यांच्या आतच चालायचं. एका आडव्या पडलेल्या जुन्या कोरीव लाकडी खांबापाशी त्या थांबल्या. जाड शेवाळाखाली कोरलेला मोठा डोळा हळूहळू नजरेत आला आणि लाकडातूनच एक कोवळं झाड वर आलेलं दिसलं. हे खांब उचलून काचेआड ठेवायचे नाहीत, मातीत जाऊ द्यायचे, ही हायडांचीच इच्छा. १८६२च्या देवीच्या साथीत गावंच्या गावं ओस पडली, हे आजींनी घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगितलं. कुठल्याही माहितीफलकाला ते जमणार नाही.

लायल बेटावरच्या विंडी बेला २०१३मध्ये उभारलेला नवा खांब आहे. त्यावर हातात हात अडकवून उभी असलेली पाच माणसं कोरली आहेत. १९८५मध्ये याच बेटावरची जंगलतोड रोखायला हायडा रस्त्यात बसले, ७२ जणांना अटक झाली, त्याची ही आठवण. त्या लढ्यामुळेच हे जंगल वाचलं. १९९३च्या करारापासून हायडा राष्ट्र आणि कॅनडा सरकार मिळून इथला कारभार बघतात, आणि २०१०पासून भोवतीचा समुद्रही संरक्षणाखाली आला. म्हणजे डोंगरमाथ्यापासून समुद्रतळापर्यंत सगळंच.

तक्रार एकच, आणि ती आमच्या बोटवाल्यांबद्दल. आजींचं बोलणं अर्ध्यावर असताना घड्याळ दाखवून आम्हाला परत बोलावलं. इतक्या लांब येऊन हे फार लागलं. म्हणून बुकिंग करताना प्रत्येक गावात किती वेळ उतरवणार ते आधी विचारा, आणि नुसत्या धावत्या फेरीला सरळ नाही म्हणा.

वॉचमनना पाचपैकी पाच. सोबत गमबूट आणि चांगला रेनकोट हवाच. जूनमध्येही आम्ही चिंब भिजलो.