अनुदानाचं पोर्टल: पाचपैकी तीन तारे, तेही खर्चाचं हेड बदलण्यासाठी

पदवीच्या मुलांना संशोधनात घेता यावं म्हणून शिक्षकांना मिळणारी छोटी अनुदानं आमच्या विद्यापीठाने ऑनलाइन आणली, त्याला दोन वर्षं झाली. मी त्यावर तीन प्रकल्प चालवले, मुलं एकूण सात. त्यामुळे बरंवाईट बोलायचा हक्क कमावलाय.

आधी बरं. प्रवासाच्या हेडमधले, म्हणजे त्या खर्चासाठी ठरवून दिलेले पैसे रसायनांकडे वळवायचे म्हणजे पूर्वी अर्ज, विभागप्रमुखांची सही, लेखा विभाग, आणि मग ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे’. आता रक्कम छोटी असेल तर कारण लिहून विनंती टाकायची. गेल्या वर्षी ऐन प्रयोगात प्रायमर (डीएनएच्या प्रयोगात लागणारे छोटे तुकडे) संपले, दुपारी विनंती टाकली, संध्याकाळी मंजूर. ऑर्डर दिलेली पण बिल न आलेली रक्कमही शिल्लकीतून वेगळी काढून दाखवतात. हे ज्याला सुचलं त्याने नक्की कधीतरी स्वतः अनुदान सांभाळलेलं असणार.

बाकी पोर्टल बनवणाऱ्याने पदवीचा विद्यार्थी बहुधा पाहिलेलाच नाही. मानधनासाठी नाव नोंदवताना ड्रॉपडाउनमध्ये रिसर्च फेलो आहे, प्रोजेक्ट असिस्टंट आहे, कंत्राटी कर्मचारी आहे. आमची दुसऱ्या वर्षाची मुलगी ‘इतर’. आणि ‘इतर’ निवडलं की अनुभवाचा दाखला मागतात! शेवटी मीच लेटरहेडवर लिहून दिलं की हिने माझ्या प्रयोगशाळेत आठ दिवस काचेची भांडी धुतली आहेत. दाखला मंजूर झाला.

पुढचा घोळ ऑर्किडचा (ORCID), फुलाचा नव्हे. संशोधकाची ही ओळख सोळा अक्षरी असते. शेवटचं अक्षर आधीच्या पंधरा अंकांवरून काढलेलं, आकड्यांची चूक पकडण्यासाठी. ते उत्तर दहा आलं तर तिथे ‘एक्स’ येतो. आमच्या एका मुलाच्या नशिबी नेमका एक्स, आणि पोर्टलच्या रकान्यात फक्त आकडे चालतात. हेल्पडेस्कने सुचवलं, ‘नवीन ऑर्किड काढा.’ अहो, एका माणसाला आयुष्यभर एकच ओळख राहावी म्हणून तर ती काढलीय! तीन आठवडे गेले. मग कुणीतरी मागच्या दाराने नोंद केली, रकाना अजून तसाच आहे.

पण खरी तक्रार वेळेची. सत्राचे हातात पंधरा-सोळा आठवडे. त्यातले पाच मंजुरीत जातात. सर्वेक्षण असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नाही. म्हणजे मानधन येतं तेव्हा मुलं परीक्षेला बसलेली, आणि वर्षअखेर अखर्चित रक्कम परत. एकीने प्रकल्पासाठी शनिवार-रविवारच्या शिकवण्या सोडल्या होत्या. सातव्या आठवड्यात दारात उभी राहून विचारलं, ‘मॅडम, शिकवण्या परत सुरू केल्या तर चालेल ना?’ काय सांगणार? चालेल म्हटलं. अमेरिकेतल्या एमआयटीत पदवीच्या मुलांना संशोधनात घेणारी यूआरओपी ही योजना १९६९पासून चालू आहे; तिथे विद्यार्थ्याला मानधन किंवा अभ्यासक्रमाचं क्रेडिट यांतलं निवडता येतं. आमच्याकडे निदान क्रेडिटचा पर्याय असता तरी तिचे तास वाया गेले नसते.

अंतिम अहवालाबद्दल फार लिहीत नाही. फलनिष्पत्तीत शोधनिबंध आणि पेटंट एवढेच पर्याय. मुलांनी केलेलं पोस्टर पुन्हा ‘इतर’.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी: मुलांचे बँक तपशील मंजुरीपत्राची वाट न बघता आधीच गोळा करा. पासबुकावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही बघा. सातपैकी दोघांचे पैसे नुसत्या वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरावरून परत गेले होते. आणि अनुभवाच्या दाखल्याचा मजकूर जपून ठेवलाय, हवा असेल तर मागा.