तोतया जर्नल आणि अडकलेला शोधनिबंध

आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये शोधनिबंध छापून देतो असे सांगून पैसे उकळणाऱ्यांबद्दल महाविद्यालयांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या बोलण्यात बहुधा पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या दर्जाहीन जर्नल्सचाच विचार असतो. माझी जी फसवणूक झाली ती निराळ्या जातीची होती. ज्या जर्नलच्या नावाने मी पैसे भरले ते जर्नल खरोखर अस्तित्वात आहे, जुने आहे, युरोपातील एका विद्यापीठाच्या विभागातून निघते आणि स्कोपस या शोध-जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचीतही आहे. माझा निबंध मात्र त्या जर्नलपर्यंत कधी पोहोचलाच नाही. त्याच नावाचे आणि त्याच आयएसएसएन क्रमांकाचे (नियतकालिकाच्या ओळख-क्रमांकाचे) दुसरे संकेतस्थळ कोणीतरी उभे केले होते, आणि निबंध व पैसे दोन्ही तिकडे गेले. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसा हा जर्नलचा तोतया. तोतयाची अडचण अशी की त्याने सांगितलेली नाव-गाव-कुळी खरीच असते, त्यामुळे ती पडताळून काहीच निष्पन्न होत नाही.

या धंद्याला आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी गिऱ्हाईक का मिळते, ते आधी सांगितले पाहिजे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला कॅस या पदोन्नतीच्या योजनेखाली सहयोगी प्राध्यापक व्हायचे असेल, तर इतर अटींबरोबर किमान ७ शोधनिबंध दाखवावे लागतात आणि त्यांतले ३ मूल्यमापनाच्या काळातलेच असावे लागतात. कोठे छापलेला निबंध चालेल याची यादी पूर्वी यूजीसीच ठेवत असे. त्या यादीतली ४,३०५ जर्नल्स मे २०१८ मध्ये एकदम काढून टाकण्यात आली, २०१९ मध्ये तिच्या जागी यूजीसीचीच ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. आता जर्नलची पारख संस्थांनी आपली आपण करायची आहे. यादी गेल्याबरोबर प्रत्येकाच्या तोंडी स्कोपस आले, कारण छाननी समितीपुढे त्या नावावर सहसा वाद होत नाही. चांगल्या जर्नलमध्ये परीक्षणालाच सहा महिने ते वर्ष सहज जाते, आणि पदोन्नतीची तारीख तर पुढ्यात असते. या दोहोंमधल्या फटीत दलाल बसलेला असतो.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझा निबंध पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्यांतून शिलाईचे काम घरी आणणाऱ्या महिलांच्या मजुरीवर होता. त्यांतल्या बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात, म्हणून त्याच वस्तीतल्या एका विद्यार्थिनीला बरोबर घेऊन मी मुलाखती केल्या होत्या. मजुरी डझनावर ठरते. परंतु दोऱ्याची रिळे, सुया आणि मशीनची दुरुस्ती कोणाच्या खिशातून होते हे विचारल्याशिवाय हातात पडणारा खरा आकडा कळत नाही. निबंधाचा गाभा तोच होता. हे एवढ्यासाठी लिहिले की फसवणाऱ्याच्या हाती गेला तो कोठून तरी उचललेला मजकूर नव्हता.

दलालाचा निरोप प्राध्यापकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. एका चर्चासत्रासाठी तयार केलेला तो गट चर्चासत्र संपल्यावरही तसाच चालू राहिला होता. निरोपात जर्नलचे नाव, आयएसएसएन क्रमांक, स्कोपसचे चिन्ह आणि ‘जलद परीक्षण’ अशी ओळ होती. फोनवर हे गृहस्थ अतिशय अदबीने बोलत. स्वतःला ते ‘प्रकाशन सल्लागार’ म्हणवत. घाई करा असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. उलट म्हणाले, “मॅडम, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आयएसएसएन टाकून बघा, स्कोपसमध्ये नाव आहे का तपासा, आणि मगच पैसे भरा.” या सगळ्या प्रकरणातले सर्वांत कसबी वाक्य हेच होते, असे माझे मत आहे. कारण त्यांच्या सांगण्याप्रमाणे तपासले की सारे बरोबर येते. आयएसएसएनच्या नोंदवहीत क्रमांक सापडतो, स्कोपसच्या सूचीत जर्नल सापडते, संपादक मंडळावरची माणसे त्या त्या विद्यापीठांत खरोखर शिकवताना दिसतात. एकच गोष्ट या तपासणीत येत नाही, ती म्हणजे दलालाने पाठवलेल्या दुव्यावर उघडणारे संकेतस्थळ त्या जर्नलचेच आहे की नाही.

स्वीकृतीचे पत्र लवकरच आले. त्याला परीक्षकांचे म्हणून दोन अभिप्राय जोडलेले होते. एकात निबंध चांगला असून निष्कर्ष अधिक ठळक करावा असे होते, दुसऱ्यात इंग्रजी सुधारावे असे होते. डझनाचा दर, दोऱ्याचा खर्च, नमुना कसा निवडला याविषयी चकार शब्द नव्हता. शुल्क १४ हजार रुपये. ते जर्नलच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यावर जाणार नव्हते; ‘भारतातील प्रतिनिधी’ म्हणून एका व्यक्तीच्या नावाचा यूपीआयचा क्यूआर कोड पाठवण्यात आला. परदेशी शुल्काचा व्यवहार सोपा जावा म्हणून अशी सोय केली आहे, असे त्याचे स्पष्टीकरण होते. पैसे पोहोचल्यावर सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आले आणि मग अंक.

तो अंक इथे थोडा तपशिलाने सांगते. माझा निबंध पृष्ठ क्रमांक ४,००० च्या पुढे कोठेतरी होता. समाजशास्त्रे आणि मानव्यविद्या यांना वाहिलेल्या त्या जर्नलमध्ये माझ्या आधीचा निबंध काँक्रीटच्या मिश्रणावर होता, आणि नंतरचा कोंबड्यांच्या खाद्यावर. माझ्या तक्त्याची उजवीकडची बाजू कापली गेली होती, म्हणजे खर्च वजा जाऊन उरणाऱ्या मजुरीचा रकानाच छापलेला नव्हता. निबंधाला डीओआय, म्हणजे इंटरनेटवर निबंधाची कायमची ओळख पटवणारा क्रमांक, दिला होता. तो डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकला की असा क्रमांक सापडत नाही असे उत्तर येई. विचारल्यावर “अपडेट व्हायला वेळ लागतो, मॅडम” हे ठरलेले उत्तर मिळे. स्कोपसमध्ये निबंध दिसत नाही यावरही तेच.

छडा लावला तो आमच्या ग्रंथपालांनी. कॅसच्या फायली छाननीला जाण्यापूर्वी ते प्रत्येक निबंध स्वतः पाहतात. त्यांनी दलालाच्या दुव्याला हातच लावला नाही. स्कोपसमध्ये त्या जर्नलच्या पानावर जाऊन तिथे नोंदलेल्या अलीकडच्या निबंधांची शीर्षके काढली आणि ती माझ्या अंकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहिली. एकही शीर्षक जुळेना. खऱ्या अंकात मोजकेच निबंध होते आणि सगळे त्याच विषयाचे. मग त्यांनी खऱ्या संपादकांचा पत्ता त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून शोधून त्यांना मेल केला. उत्तर सौजन्याचे आणि त्रस्त होते. आमचे जर्नल लेखकांकडून कोणतेही शुल्क घेत नाही, आमच्या नावाने दुसरे संकेतस्थळ चालते हे आम्हाला ठाऊक आहे, आणि अशी विचारणा करणारे तुम्ही पहिले नाही, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. अशा जर्नल्सना ‘हायजॅक्ड जर्नल’ किंवा ‘क्लोन जर्नल’ म्हणतात आणि हा प्रकार जगभर चालतो. ज्यांची छापील आवृत्तीच निघते, ज्यांचे संकेतस्थळ नाही किंवा असून दुर्लक्षित आहे, अशी लहान विद्यापीठांची जुनी जर्नल्स मुद्दाम हेरली जातात. कधी जर्नलने संकेतस्थळाच्या नावाची मुदत वाढवलेली नसते, आणि मोकळे झालेले ते नाव दुसराच कोणी विकत घेतो. आपल्याकडे केअर यादीतल्या जर्नल्सचेही तोतये निघाले होते आणि त्यांच्यापासून सावध राहण्याच्या सूचना केअरने वेळोवेळी दिल्या होत्या. रिट्रॅक्शन वॉच या संस्थेने अ‍ॅना अबाल्किना या संशोधिकेच्या सहकार्याने २०२२ मध्ये ‘हायजॅक्ड जर्नल चेकर’ नावाची यादी सुरू केली. ती सर्वांना विनामूल्य पाहता येते आणि तिच्यात शेकडो नावे आहेत. तोतयांचे निबंध काही वेळा खुद्द स्कोपसमध्येही शिरले आहेत, आणि सूचीतून तोतया संकेतस्थळांकडे दुवे जात असल्याचे उघड झाल्यावर २०२३ च्या अखेरीस स्कोपसने जर्नल्सच्या संकेतस्थळांचे दुवे काढून टाकले. त्यामुळे ‘स्कोपसमध्ये नाव आहे’ एवढ्यावर निबंध पाठवणे धोक्याचे आहे.

माझ्या मते तपासणीची दिशाच उलटी करायला हवी. निरोपातला दुवा उघडून तिथली माहिती सूचीत शोधू नये. सूचीतून निघून जर्नलपर्यंत जावे. म्हणजे स्कोपसच्या पानावर प्रकाशक कोण आहे ते पाहावे, मग त्या प्रकाशकाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून जर्नलचे पान उघडावे आणि आपल्याला आलेला दुवा तोच आहे का ते अक्षर न् अक्षर पाहावे. ताज्या अंकातली शीर्षके दोन्हीकडे जुळतात का, हे पाहायला अर्धा तासही लागत नाही. संकेतस्थळाचे नाव केव्हा नोंदले गेले ते ‘हूइज’ या शोधात कोणालाही पाहता येते. जर्नल चाळीस-पन्नास वर्षांचे असल्याचे सांगणाऱ्या संकेतस्थळाची नोंद गेल्या वर्षीची निघाली, तर निदान थांबून विचारावे. नुसत्या आयएसएसएनवर विसंबू नये. तो क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता असतो, त्यावरून दर्जा कळत नाही, आणि तो कोणालाही कोणत्याही पानावर टंकता येतो. एवढे करूनही शंका उरली, तर संपादकांना त्यांच्या विद्यापीठाच्या मेलवर दोन ओळी लिहाव्यात. खरे संपादक उत्तर देतात, असा निदान माझा अनुभव आहे.

पैशांचे म्हणाल तर ते गेले. सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर व्यवहारानंतर लगेच फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते; माझ्या बाबतीत उलगडा होईपर्यंत खाते रिकामे झालेले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार दिली. तक्रार घेताना मला विचारण्यात आले, की निबंध छापून देतो म्हणाले आणि छापून तर दिला, मग फसवणूक कोणती? प्रश्न रास्त होता आणि ज्यांना तक्रार द्यायची आहे त्यांनी त्याचे उत्तर आधीच लिहून न्यावे. इथे गुन्हा दुसऱ्याचे नाव आणि क्रमांक लावून आपणच ते आहोत असे भासवून पैसे घेण्याचा आहे, आणि संगणकाच्या साहाय्याने केलेल्या अशा तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ड आहे. खऱ्या संपादकांचे पत्र सोबत जोडले की मुद्दा लगेच लक्षात येतो. दलालाशी झालेले संभाषण, क्यूआर कोड, पावती आणि तोतया संकेतस्थळाच्या पानांची चित्रे उलगडा होताच जपून ठेवावीत, कारण ती पाने केव्हाही नाहीशी होतात.

परंतु १४ हजारांपेक्षा मोठे नुकसान निबंधाचे झाले, आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. तोतया संकेतस्थळावर मजकूर एकदा चढला की तोच निबंध दुसऱ्या जर्नलकडे पाठवताच साहित्यचौर्य तपासणीत जवळपास सगळा जुळलेला दिसतो, आणि लेखिकेवर स्वतःच्याच लेखनाच्या चोरीचा ठपका येतो. निबंध काढून टाका म्हणून लिहिले, तर तोतयाकडून ३५० डॉलर ‘माघार शुल्क’ मागणारे उत्तर आले, आणि ते न भरल्यास स्वामित्वहक्काची कारवाई करू अशी धमकीही त्यात होती. हे शुल्क कोणी भरू नये. भरल्याने निबंध खाली उतरेल याची काहीही हमी नसते, आणि पैसे देणारी व्यक्ती म्हणून आपले नाव मात्र पक्के होते. मी त्यांना लेखी कळवले की खोट्या ओळखीवर घेतलेली संमती मला मान्य नाही आणि निबंध मी मागे घेतला आहे. त्या मेलची प्रत, खऱ्या संपादकांचे पत्र आणि तक्रारीची पोच असे तिन्ही कागद जोडून दुसऱ्या एका जर्नलच्या संपादकांना निबंध देण्याआधीच सर्व हकिकत सांगितली. आधीच्या प्रकाराची तळटीप देण्याच्या अटीवर त्यांनी निबंध परीक्षणाला घेतला आहे. सर्वच संपादक असे मान्य करतील असे नाही, परंतु न सांगता पाठवला तर तपासणीतच तो परत येणार हे निश्चित. गुगल स्कॉलरवरच्या माझ्या यादीतून ती नोंद मी काढली आणि कॅसच्या फाईलमधून तो निबंध वगळण्याचा अर्ज छाननीपूर्वीच महाविद्यालयाकडे दिला. ज्यांच्या फायलीत असे निबंध आधीच लागले आहेत त्यांनीही ते समितीने काढून दाखवण्याआधी स्वतः काढावेत, आणि अर्जासोबत तक्रारीची पोच जोडावी.