ब्लॅक विडोच्या तीन मालिका : सुरुवात कुठून करावी?

नताशा रोमानोव्हला, म्हणजे ब्लॅक विडो या हेर नायिकेला, सिनेमात पाहिलं, आवडली, आता तिची कॉमिक्स वाचायची आहेत, पण कुठली, असं मला बरेचदा विचारतात. नताशा १९६४ मध्ये मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाच्या पानांवर पहिल्यांदा आली. तेव्हापासूनचं सगळं गोळा करत बसलात तर वर्ष जाईल आणि उत्साहही. २०१४ पासूनच्या या तीन मालिकांमधून एक निवडा. तिन्हींत नायिका एकच, पण लेखक-चित्रकारांची जोडी वेगळी, आणि निवड करायची ती या जोडीची.

माझी कसोटी साधी आहे. हेर हा मुळात गप्प राहणारा माणूस. मनातलं त्याने भडाभडा बोलून टाकलं तर गोष्टीतला जीवच जातो. म्हणून हेराच्या कॉमिकमध्ये मी आधी हे बघतो की नताशा बोलते किती, आणि ती बोलत नाही तेव्हा पान कोण सांभाळतं.

पहिली मालिका नेथन एडमंडसन आणि फिल नोटो यांची, २०१४-१५ मधली, २० अंकांची. नताशा जुन्या पापांची भरपाई म्हणून जोखमीची कामं घेते, पैसा स्वतःला ठेवत नाही. आयझाया नावाचा वकील तिचे व्यवहार बघतो आणि लिहो नावाची काळी मांजर दाराशी येऊन बसते. नोटो रेखाटन आणि रंग दोन्ही स्वतः करतो, त्यामुळे प्रत्येक पान एका हातचं वाटतं, जलरंगासारखं मऊ. पण इथे नताशा मनातल्या मनात फार बोलते. चौकटींवर तिच्या विचारांच्या पट्ट्या येतच राहतात, आणि चित्राने आधीच सांगितलेलं पुन्हा कानावर पडतं. शेवटचे अंक २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या, म्हणजे मार्व्हलच्या अनेक मालिकांना ओढून घेणाऱ्या महाकथेच्या, धामधुमीत सापडले, ते खटकतं.

दुसरी मार्क वेड आणि ख्रिस सॅम्नी यांची, २०१६-१७ मधली. फक्त १२ अंक. ही जोडी त्याआधी मार्व्हलच्याच ‘डेअरडेव्हिल’ मालिकेवर एकत्र होती आणि तो सराव इथे पानोपानी दिसतो. सॅम्नीचं नाव इथे चित्रकार म्हणून तर आहेच, लेखनातही आहे.

पहिला अंक हातात घ्या. नताशा शील्ड या गुप्तहेर संघटनेच्या हवेत तरंगणाऱ्या तळावरून पळ काढते आहे, ज्यांच्यासाठी ती काम करायची तेच आता तिच्या मागावर आहेत. का, ते कुणी सांगत नाही. जवळजवळ अख्खा अंक पाठलाग आहे आणि संवादाचे फुगे बोटावर मोजण्याइतके. मी तो पहिल्यांदा पाच मिनिटांत उरकला आणि मग चौकट न् चौकट बघत पुन्हा वाचला, तेव्हा कळलं की नजर कुठून कुठे जावी हे सॅम्नीने आधीच ठरवून ठेवलंय. ती उडी मारते ती चौकट उभी आणि लांबट, त्यामुळे आपलीही नजर तिच्यासोबत खाली कोसळते. काळ्या शाईचे ठसठशीत डाग, चेहऱ्यावर चार रेषा, पण नताशाने ओठ आवळलेत हे त्यातूनही समजतं. मॅथ्यू विल्सनचे रंगही तसेच, मोजके. २०१७ चा रंगकामाचा आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, त्याला मिळाला, त्यात त्याच्या इतर मालिकांबरोबर हीसुद्धा होती.

पुढे गोष्ट रेड रूमकडे वळते, त्या शाळेकडे जिथे लहानपणी नताशाला हेर म्हणून घडवलं गेलं. तशाच नव्या शाळेत मुली तयार केल्या जाताहेत, आणि त्या मुलींसमोर उभी असलेली नताशा मला तिन्ही मालिकांत सगळ्यात खरी वाटली.

तिसरी केली थॉम्पसन आणि एलेना कासाग्रांदे यांची, २०२० ते २०२२, १५ अंक. २०२१ चा सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर हिला मिळाला. नताशा सॅन फ्रान्सिस्कोत आहे, घर आहे, जोडीदार आहे, एक लहान मुलगा आहे. ती खरंच सुखात आहे, कारण तिला आपण कोण ते आठवतच नाही. क्लिंट बार्टन आणि बकी हे तिचे जुने साथीदार तिला शोधत येतात आणि लांबून बघत राहतात. काय करावं त्यांना सुचत नाही. कासाग्रांदेच्या मारामाऱ्यांमध्ये एकाच चित्रात नताशाच्या हालचालीच्या अनेक अवस्था दिसतात, जणू शरीराला जुनी सवय आठवतेय. जॉर्डी बेलेअरने रंग दिलेत. इथे गप्पा भरपूर, पण त्या मित्रमैत्रिणींच्या. रेड रूममध्येच घडलेल्या येलेना बेलोव्हाचे टोमणे तर फार गोड. पाचव्या अंकानंतर नव्या मुलींची टोळी जमते आणि गोष्ट थोडी सैल होते, हे मात्र मान्य करायला हवं.

सिनेमामुळे आला असाल, येलेना, क्लिंट ही माणसं आवडत असतील, तर थॉम्पसनपासून सुरू करा. तिच्या पहिल्या पाच अंकांचा खंड स्वतंत्रपणेही पुरतो. एका बैठकीत एक कामगिरी संपलेली हवी असेल, तर नोटोची मालिका उघडा, तिचे सुरुवातीचे अंक तसेच सुटे आहेत. आणि कॉमिक पहिल्यांदाच हातात घेत असाल, तर वेड-सॅम्नीचे दोन खंड घ्या. खिशाला हलके, आधीचं काही माहीत असायची गरज नाही. फक्त पहिला अंक घाईत उरकू नका. शब्द नाहीत म्हणून पान उलटू नका, नताशाचे हात काय करताहेत ते बघा.