गॅप वापरून पाहिलं: आठ एक्स्टेन्शन्स, चार ग्रुप

ग्रुप थिअरी (गणितातल्या 'ग्रुप' या रचनांचा अभ्यास) शिकवणाऱ्याने कॉम्प्युटरवर एकच सॉफ्टवेअर ठेवायचं म्हटलं, तर मी गॅप ठेवीन. १९८६ मध्ये जर्मनीत आखेनला योआखिम नॉयब्यूझर यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं. दिसायला मात्र अगदीच रुक्ष. मेनू नाही, बटणं नाहीत, आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला की ते ढिम्म बसून राहतं.

ते कशासाठी घ्यावं, तर एक्स्टेन्शन्ससाठी, म्हणजे दोन लहान ग्रुप जोडून मोठा ग्रुप बनवण्याच्या रीतींसाठी. नॉर्मल सबग्रुप (ज्याने मोठ्या ग्रुपला भागता येतं) दोन घटकांचा आणि भागून मिळणारा क्वोशंट क्लाइनचा ग्रुप (चार घटकांचा, ज्यात प्रत्येक घटकाचा वर्ग एकक येतो), तर आठ घटकांचे ग्रुप किती? कोणी चार म्हणतं, कोणी दुसऱ्या कोहोमॉलॉजीचा (एक्स्टेन्शन्स मोजायच्या साधनाचा) हवाला देऊन आठ. दोन्ही बरोबर, कारण वेगळे ग्रुप चार आणि जोडायच्या रीती आठ; पण फळ्यावर हे पटवताना घाम फुटतो. गॅपला क्लाइनचा ग्रुप आणि दोन घटकांच्या फील्डवरचं एक मितीचं मॉड्यूल (म्हणजे तो दोन घटकांचा सबग्रुपच) द्या, 'एक्स्टेन्शन्स' चालवा. आठ ग्रुपांची यादी हजर. प्रत्येकाला 'आयडीग्रुप' (ओळखक्रमांक देणारी कमांड: आधी घटकसंख्या, मग यादीतला नंबर) लावला की [८, ५] एकदा, [८, २] तीनदा, [८, ३] तीनदा, [८, ४] एकदा. [८, ३] म्हणजे डायहेड्रल, चौरसाच्या सममितींचा ग्रुप. तो तीनदा का? क्लाइनच्या एकक सोडून उरलेल्या तीन घटकांपैकी नेमक्या कोणाच्या वर ऑर्डर चारचे (चौथ्या घाताला एकक होणारे) घटक येतात, एवढाच फरक. 'एक्स्टेन्शनरिप्रेझेंटेटिव्हज' वापरलं तर हे जुळे-तिळे एकत्र होऊन चारच उरतात. आठचा चक्रीय (एकाच घटकापासून बनणारा) ग्रुप यादीत नाही, कारण त्याचा क्वोशंट क्लाइनचा होतच नाही. विद्यार्थ्यांना हे मी हल्ली आधी चालवून दाखवतो, सिद्धता नंतर.

एक अट आहे: 'एक्स्टेन्शन्स' ही कमांड पीसी (पॉलिसायक्लिक रूपात दिलेला) ग्रुप मागते, म्हणजे ग्रुप सॉल्व्हेबल, पायरीपायरीने चक्रीय तुकड्यांत सुटणारा हवा.

सोबतची स्मॉलग्रुप्स लायब्ररी हे बेशे, आइक आणि ओब्रायन यांचं काम. २००० पर्यंतच्या ऑर्डरचे (घटकसंख्येचे) सगळे ग्रुप त्यात आहेत, फक्त १०२४ सोडून. तिथे संख्या ४९०० कोटींच्या वर जाते, ठेवणार कुठे? ५१२ चे एक कोटीहून जास्त ग्रुप मात्र त्यात आहेत.

'स्ट्रक्चरडिस्क्रिप्शन'वर (ग्रुपच्या रचनेचं वर्णन देणाऱ्या कमांडवर) मात्र विसंबू नका. १६ घटकांच्या ग्रुपांमधला तिसरा आणि तेरावा, दोघांचं वर्णन हुबेहूब एकच येतं. 'सेंटर' (केंद्र, म्हणजे सगळ्यांशी अदलाबदल चालणारे घटक) लावून बघा: तिसऱ्याचं केंद्र क्लाइनचा ग्रुप, तेराव्याचं चारचा चक्रीय. मॅन्युअलमध्येही ही सूचना आहे, पण वाचतो कोण! म्हणून उत्तरात नुसतं ते वर्णन उतरवलं तर मी गुण देत नाही, नंबर लिहा.